वीस मैलांची मर्यादा : लंडनच्या उद्यानांतील सायकल शर्यतींचा इतिहास

सायकलची शर्यत जन्माला आली तीच उद्यानात. ३१ मे १८६८ रोजी पॅरिसजवळच्या सँ-क्लू उद्यानात सुमारे १,२०० मीटरची एक शर्यत झाली आणि पॅरिसमध्ये राहणारा जेम्स मूर हा इंग्रज तरुण ती जिंकला. जगातली पहिली सायकल शर्यत म्हणून हीच सांगितली जाते. त्याआधीही काही लहानसहान स्पर्धा झाल्या असाव्यात असे अभ्यासक म्हणतात, पण उद्यानाची निवड का झाली हे समजायला फार शोध घ्यावा लागत नाही. त्या काळचे रस्ते म्हणजे घोडागाड्यांच्या चाकोऱ्या, खड्डे आणि चिखल. उद्यानातल्या वाटा मात्र दाबून सपाट केलेल्या असत, वळणे रुंद असत, बाजूला झाडांची सावली असे आणि बघ्यांना उभे राहायला जागाही असे. नेमक्या याच सुखसोयींसाठी तिथे फिरायला येणारी म्हातारी माणसे, बाबागाडी ढकलणाऱ्या आया आणि घोडेस्वारही येत. एकाच वाटेवर दोघांचा हक्क कसा सांभाळायचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. त्याचा सर्वांत सलग इतिहास लंडनमध्ये सापडतो.

लंडनची बरीच मोठी उद्याने मुळात राजांची शिकारीची राने होती. त्यांतले सर्वांत मोठे रिचमंड पार्क. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ साली या रानाभोवती भिंत घातली आणि हरणे आत कोंडली. आसपासच्या गावांच्या जुन्या पायवाटा त्यामुळे बंद झाल्या. शंभरहून अधिक वर्षांनी, १७५८ मध्ये, जॉन लुईस या बिअर बनवण्याच्या धंद्यातल्या माणसाने राजकन्या अमेलियाच्या कारभाराविरुद्ध न्यायालयात दाद मागून पादचाऱ्यांचा हक्क परत मिळवला. म्हणजे या उद्यानावर लोकांचा जो पहिला हक्क सिद्ध झाला, तो पायी चालणाऱ्याचा होता. पुढच्या प्रत्येक वादात ही गोष्ट पायासारखी खाली राहिली. आज सुमारे ९५५ हेक्टरांच्या या उद्यानात सहाशेच्या वर हरणे मोकळी फिरतात आणि २००० सालापासून त्याला राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा आहे.

लंडनच्या उद्यानांतला पहिला मोठा संघटित सायकल सोहळा शर्यतीचा नव्हता. १८७० च्या दशकात सायकल क्लबांनी हॅम्पटन कोर्टजवळ वार्षिक मेळावा भरवायला सुरुवात केली. उंच पुढच्या चाकाच्या सायकलींवर, आपापल्या क्लबाच्या गणवेशात, बिगुलाच्या इशाऱ्यावर स्वारांची मिरवणूक बुशी पार्कमधल्या चेस्टनट वृक्षांच्या रांगांमधून जात असे. काही वर्षी ही संख्या दोन हजारांच्या पुढे गेली. या मेळाव्यात वेगाला महत्त्व नव्हते. सायकलस्वार हा शिस्तीचा, सभ्य माणूस आहे हे लोकांच्या मनावर ठसवणे हाच मुख्य हेतू होता, कारण गावोगावी त्याच्याबद्दलचा राग वाढत चालला होता.

तो राग कायद्यातही उतरला होता. घोडा किंवा गाडी बेफाम हाकणे हा रस्त्याच्या जुन्या कायद्याने गुन्हा होता. सायकल ही ‘गाडी’ आहे की नाही, असा प्रश्न १८७९ मध्ये टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यात आला आणि न्यायालयाने ती गाडीच आहे असे ठरवले. १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने हेच देशभर लागू केले. त्यामुळे सायकलला रस्त्यावर हक्काची जागा मिळाली आणि सोबत एक जबाबदारीही आली : पुढच्या गाडीला किंवा पादचाऱ्याला ओलांडताना घंटी वाजवलीच पाहिजे.

१८९० च्या दशकात दोन्ही चाके सारखी असलेली आणि हवेच्या टायरची सायकल आली आणि तिची लाट उसळली. १८९५ मध्ये लंडनच्या उच्चभ्रू घरांतल्या स्त्रिया सकाळी बॅटरसी पार्कमध्ये सायकल चालवायला जमू लागल्या. त्या तिथे जमत, कारण शहराच्या मध्यावरच्या हाइड पार्कमध्ये तेव्हा सायकलींना मज्जाव होता. पुढे हाइड पार्कचेही दार उघडले. याच वर्षांत आणखी एक बदल घडत होता आणि त्याने सायकल शर्यतींचे रूप कायमचे बदलले.

२१ जुलै १८९४ रोजी ग्रेट नॉर्थ रोडवर ५० मैलांची एक शर्यत चालू होती. त्या काळचे नामांकित सायकलपटू फ्रेडरिक बिडलेक त्यात होते. समोर एक बाई घोडागाडी हाकत चालली होती. स्वारांचा घोळका वेगाने जवळ येताच घोडा बुजला, गाडी आडवी झाली आणि स्वार एकमेकांवर आदळून खंदकात पडले. कुणाच्या जिवावर बेतले नाही, पण तक्रार पोलिसांपर्यंत गेली. राष्ट्रीय सायकल संघाला (नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन) भीती वाटली की अशा शर्यतींपायी सरकार रस्त्यावरून सायकलच हद्दपार करील. त्यामुळे शतक संपायच्या आत संघाने आपल्या सभासदांना सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायला बंदी केली. शर्यत करायचीच असेल तर ती बंदिस्त धावपट्टीवर, असा हा नियम होता. दक्षिण लंडनमधली हर्न हिलची धावपट्टी १८९१ पासून त्यासाठी तयारच होती.

बिडलेक यांनी वेगळा मार्ग शोधला. घोळका दिसला की लोक घाबरतात, तर घोळकाच नको. एकेका स्वाराला ठरावीक अंतराने, बहुधा एक मिनिटाने, एकट्याला सोडायचे. त्याने दुसऱ्याच्या आडोशाला राहून वारा चुकवायचा नाही. पहिला कोण पोचला याला महत्त्व नाही. घड्याळ सांगेल तोच विजेता. ५ ऑक्टोबर १८९५ रोजी नॉर्थ रोड क्लबाने या पद्धतीची ५० मैलांची पहिली स्पर्धा घेतली. हीच ‘टाइम ट्रायल’.

पुढची पन्नास वर्षे ब्रिटनमधले रस्त्यावरचे सायकलिंग जवळजवळ गुप्तपणे चालले. स्पर्धा रविवारी पहाटे, गावे जागी व्हायच्या आत सुरू होत. स्वार गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालत, म्हणजे दुरून तो शर्यतीतला आहे हे कळू नये. मार्गाचे नाव छापील पत्रकात नसे. त्याऐवजी अक्षर आणि आकडा असा संकेत असे आणि पत्रकावर ‘खासगी व गोपनीय’ असे लिहिलेले असे. वळणाच्या ठिकाणी एक माणूस उभा असे आणि शेवटच्या रेषेवर हातात घड्याळ व वही घेतलेला वेळनोंद्या. सूर्य वर येईपर्यंत सगळे आवरून स्वार चहाच्या दुकानात बसलेले असत. या पद्धतीला पुढे परंपरेचे तेज चढले, पण तिच्या मुळाशी एक साधी तडजोड होती : रस्ता सर्वांचा आहे, म्हणून ज्या वेळी इतरांना तो नको असतो त्या वेळी आपण तो वापरावा.

युरोपात मात्र घोळक्याच्या शर्यती जोमात होत्या आणि ऑलिम्पिकलाही तीच पद्धत लागली. १९४८ मध्ये ऑलिम्पिक लंडनला आले तेव्हा यजमानांची मोठी अडचण झाली. राष्ट्रीय संघाची रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतीवरची बंदी अजून कायम होती, त्यामुळे उद्यानाचाच आसरा घ्यावा लागला. पहिला विचार रिचमंड पार्कचा झाला. पण त्या उद्यानात ताशी वीस मैलांची (सुमारे ३२ किलोमीटर) वेगमर्यादा होती आणि ऑलिम्पिकचे स्वार ती सहज मोडणार होते. अखेर ही शर्यत विंडसर ग्रेट पार्कमध्ये हलवण्यात आली.

१३ ऑगस्ट १९४८ रोजी धो धो पावसात ही शर्यत झाली. उद्यानातल्या अरुंद, नागमोडी वाटेच्या सतरा फेऱ्या होत्या, एकूण अंतर सुमारे १९४ किलोमीटर. ओल्या रस्त्यावर स्वार घसरत होते, टायर पंक्चर होत होते. फ्रान्सच्या जोसे बेयारने सव्वापाच तासांहून थोड्या अधिक वेळात ही शर्यत जिंकली. त्याची सरासरी हिशेबाने ताशी पावणेतेवीस मैलांच्या आसपास येते. रिचमंडमध्ये शर्यत झाली असती, तर विजेता जवळजवळ सारा वेळ नियमभंग करत राहिला असता. याच लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे सायकल पथक पहिल्यांदा उतरले आणि त्यात मुंबईच्या पारशी समाजातले खेळाडू होते.

बंदी मोडायला ब्रिटनमध्येच सुरुवात झाली होती. ७ जून १९४२ रोजी पर्सी स्टॅलर्ड यांनी वेल्समधल्या लँगॉलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत उघड्या रस्त्यावर सामूहिक शर्यत घेतली. युद्धामुळे पेट्रोल टंचाई होती आणि रस्ते ओस पडले होते. पोलिसांना आधी कळवले होते आणि त्यांनी मदतही केली. राष्ट्रीय संघाने स्टॅलर्ड यांना निलंबित केले, तेव्हा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी संघटना काढली. दोन्ही गटांतले भांडण १९५९ मध्ये संघटना एकत्र आल्यावर मिटले. १९६० च्या नियमांनी रस्त्यावरच्या सायकल शर्यतींना कायद्याची चौकट मिळाली : आयोजकाने पोलिसांना आगाऊ कळवायचे, स्वारांच्या संख्येला मर्यादा, मार्गाला मंजुरी. परवानगीचा हा कागद वेळेच्या तडजोडीइतकाच महत्त्वाचा ठरला. शर्यतीची जबाबदारी कुणाची, हे त्यावरून पहिल्यांदा स्पष्ट झाले.

तिसरा उपाय जागेचा होता. दक्षिण लंडनच्या क्रिस्टल पॅलेस पार्कमध्ये मोटार शर्यतींसाठी बांधलेली वर्तुळाकार वाट होती. १९७२ मध्ये मोटारींच्या शर्यती बंद झाल्या, पण उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तिच्या काही भागावर होणाऱ्या सायकलच्या ‘क्रिटेरियम’ शर्यती सायकलस्वारांच्या पिढ्यांना ओळखीच्या आहेत. क्रिटेरियम म्हणजे छोट्या बंदिस्त मार्गावर अनेक फेऱ्यांची शर्यत. पूर्व लंडनच्या ली व्हॅली उद्यानपट्ट्यात १९७५ मध्ये ईस्टवे हा खास सायकलसाठीचा रस्ता बांधला गेला. २०१२ च्या ऑलिम्पिकच्या बांधकामासाठी तो २००६ मध्ये पाडला, आणि त्याच परिसरात २०१४ मध्ये ली व्हॅली व्हेलोपार्क उघडले. तिथे सुमारे एक मैलाचा वेगळा रस्ता आहे. त्यावर मोटार येत नाही आणि फिरायला आलेला माणूस चुकूनही वाटेत येत नाही. वेळ, परवानगी आणि जागा या तीन गोष्टींनी मिळून शतकभर शर्यत आणि शेजार यांचा मेळ घातला.

रिचमंड पार्कमध्ये हा मेळ सर्वांत अवघड झाला, कारण तिथे स्वतंत्र रस्ता नाही. उद्यानाच्या आतून जाणारा सुमारे पावणेसात मैलांचा गोल रस्ता सायकलस्वार, मोटारचालक, पादचारी आणि हरणे यांचा सामायिक आहे. चढ आहेत, लांब उतार आहेत, सिग्नल नाहीत. मध्य लंडनपासून तासाभराच्या आत इतका मोकळा रस्ता दुसरा नाही. वाहनांची दारे उन्हाळ्यात सकाळी सातला आणि हिवाळ्यात साडेसातला उघडतात. पादचारी आणि सायकलींसाठी मात्र आत जाण्याची सोय एरवी रात्रंदिवस असते. त्यामुळे सात वाजायच्या आधीचा तास हा सायकलस्वारांचा तास बनला. धुके गवतावर बसलेले असते, कडेला शिंगे पसरलेला हरणाचा नर उभा असतो आणि रस्त्यावरून चेनच्या खुळखुळाटाशिवाय दुसरा आवाज येत नाही. बिडलेक यांच्या काळातली पहाट इथे परत आली होती.

व्यवस्थापनाने वेळोवेळी मोटारींना आवर घातला. २००३ मध्ये रॉबिन हूड गेट वाहनांसाठी बंद झाले. २००४ मध्ये मोटारींची मर्यादा ताशी ३० मैलांवरून पुन्हा २० मैलांवर आली. रस्त्यापासून वेगळी अशी टॅमसिन ट्रेल ही पादचारी व मुलांच्या सायकलींसाठीची वाट उद्यानाभोवती फिरते. जुलै २०१२ मध्ये ऑलिम्पिकची रस्ता शर्यत याच उद्यानातून गेली. १९४८ साली जे जमले नव्हते ते या वेळी रस्ते पूर्ण बंद करून जमले. पुढच्या वर्षापासून हजारो हौशी स्वारांचा राइडलंडन हा सोहळाही काही वर्षे इथून जात असे. एका स्थानिक क्लबाच्या टाइम ट्रायल रविवारी पहाटे, वाहनांची दारे उघडण्याआधी, होऊ लागल्या. धावणे आणि सायकल यांची जोड असलेली लंडन डुएथलॉनही इथेच भरत असे.

सायकलींची गर्दी वाढली तसा ताणही वाढला. मार्च २०२० मध्ये, महामारीच्या पहिल्या दिवसांत, इतके लोक उद्यानात लोटले की काही काळ सायकलींना आत येण्यासच मनाई करावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उद्यानातून आरपार जाणाऱ्या मोटारी रोखण्याचा प्रयोग सुरू झाला आणि शनिवार-रविवारी काही रस्ते शांत झाले. मात्र मोटारी कमी झाल्यावर सायकल आणि पादचारी यांच्यातले अंतर अधिक उघडे पडले.

याच सुमारास कायद्यातली एक फट सर्वांच्या लक्षात आली. रिचमंड पार्कमध्ये पूर्वी वेगाबद्दल सायकलस्वारांना दंडही झाले होते. पण उद्यानांच्या नियमांतली वेगमर्यादा यंत्राने चालणाऱ्या वाहनांपुरती आहे, सायकलला ती कायद्याने लागू होत नाही, असे स्पष्ट झाले. सायकलला वेग दाखवणारे यंत्र असण्याची सक्ती नाही, त्यामुळे पाटीवरचा आकडा स्वाराला नेमका पाळताही येत नाही. बेफाम चालवून कुणाला इजा केल्यास मात्र १८६१ चा, घोडागाड्यांच्या काळातला, गुन्हा सायकललाही लागू होतो. त्याची कमाल शिक्षा दोन वर्षे आहे.

जून २०२२ मध्ये रीजेंट्स पार्कच्या वर्तुळाकार रस्त्यावर सराव करणाऱ्या घोळक्यातल्या एका सायकलस्वाराची रस्ता ओलांडणाऱ्या ८१ वर्षांच्या वृद्धेला धडक बसली. त्या जखमांनी तिचा मृत्यू झाला. घोळक्याचा वेग ताशी २५ ते २९ मैल असल्याचे मे २०२४ च्या चौकशीत पुढे आले आणि खटला भरण्याइतका आधार नाही हेही तिथे सांगितले गेले. संसदेत सायकलस्वारांसाठी नवा गुन्हा एका विधेयकात घालण्याची मागणी झाली, पण सार्वत्रिक निवडणूक लागल्याने ते विधेयक बारगळले.

यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. सहा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला सावकाश चालणाऱ्या माणसाला सुमारे पाच सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ४० किलोमीटर वेगाची सायकल ५५ मीटर पुढे येते. माणूस पाऊल टाकतो तेव्हा ती एखाद्या झाडाआड असू शकते. मोटारीच्या इंजिनाचा आवाज पूर्वसूचना देतो, तसा सायकलचा होत नाही. घोळक्यात पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालणाऱ्या स्वाराला पुढचा रस्ता नीट दिसत नाही आणि एकाने ब्रेक दाबला तर मागचे कोसळतात. बिडलेक यांनी १८९५ मध्ये घोळका मोडून एकेकाला सोडले, त्यामागे हीच जाण होती.

२०२४ च्या उन्हाळ्यात राजोद्यानांचा कारभार पाहणाऱ्या द रॉयल पार्क्स या धर्मादाय संस्थेने रिचमंड पार्कमधल्या पहाटेच्या टाइम ट्रायल थांबवल्या. ज्या स्पर्धेचे यश घड्याळावर ठरते ती स्वारांना वीस मैलांची मर्यादा ओलांडायला उद्युक्त करते, हे कारण देण्यात आले. सायकलवर कायद्याने मर्यादा नसली तरी संस्थेच्या परवानगीने होणारा कार्यक्रम त्या मर्यादेच्या विरुद्ध जाऊ नये, असा हा विचार होता. १९४८ मध्ये ज्या आकड्याने ऑलिम्पिकला विंडसरला धाडले, त्याच आकड्याने शहात्तर वर्षांनी एका क्लबाची रविवारची स्पर्धा बंद केली.

या निर्णयाच्या दोन्ही बाजूंना वजन आहे. चालणाऱ्याचा हक्क या उद्यानात सर्वांत जुना आहे आणि पहाटेचा तास आता केवळ सायकलस्वारांचा राहिलेला नाही. धावणारे, कुत्रे फिरवणारे आणि छायाचित्रे काढणारेही त्या वेळी येतात. दुसऱ्या बाजूला, संघटित स्पर्धेत वळणावर स्वयंसेवक असतो, स्वाराच्या पाठीवर क्रमांक असतो, विमा असतो आणि आयोजकाचे नाव कागदावर असते. स्पर्धा बंद झाली तरी वेगाने जाणारा स्वार घरी बसत नाही. तो त्याच रस्त्यावर सराव करतो, फक्त आता त्याच्याकडे बघणारे कुणी नसते. रीजेंट्स पार्कमधला अपघात परवानगीच्या शर्यतीत झाला नव्हता, हे विसरता येत नाही.

दीडशे वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवतो. वेग आणि फिरस्ता एकाच वाटेवर, एकाच वेळी सुखाने नांदल्याचे उदाहरण त्यात नाही. जिथे वेळ वेगळी ठेवली, जिथे रस्ता पूर्ण बंद केला, किंवा जिथे शर्यतीला स्वतःची वाट बांधून दिली, तिथे दोघांचेही भले झाले. नुसती बंदी घालून वेग नाहीसा झाला नाही आणि नुसत्या परवानगीने चालणाऱ्याचे भय गेले नाही. ज्या शहराला आपल्या उद्यानात सायकलच्या शर्यती हव्या आहेत, त्याने आधी शर्यतीसाठी वेगळी वाट किंवा वेगळी वेळ राखून ठेवली पाहिजे आणि उरलेला सारा दिवस पायी चालणाऱ्याच्या हवाली केला पाहिजे.